फाटकापर्यंत अकरा पावलं

पैज लागली ती मिशीवर. हरेल त्याने रविवारी सकाळी दहाला फाटकाबाहेरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं, सगळ्यांदेखत अर्धी मिशी उतरवायची आणि उरलेली अर्धी आठवडाभर मिरवायची. समोरच्या टेलरची मिशी म्हणजे पेन्सिलने ओढलेली रेघ, त्याचं काय जाणार होतं? माझी मात्र पंचवीस वर्षांची कमाई. लग्नाच्या फोटोत बायकोच्या आधी ती नजरेत भरते.

"घाबरलास?" टेलर म्हणाला.

"तू बेतलेली पैज आहे, कुठेतरी उसवणारच," मी म्हटलं. "लाव."

पंच म्हणून रिटायर्ड पोस्टमनला बसवलं. चाळीस वर्षं लोकांची पत्रं न उघडता वाटलेला माणूस, त्याला आता सगळंच उघडून बघायची हौस.

पैजेचा विषय होता एक बाई.

दुसऱ्या मजल्यावर ताई राहते आणि तिचा भाऊ. ताई त्याला धाकटा म्हणते म्हणून सगळी इमारत त्याला धाकटाच म्हणते, गडी छत्तीसचा झाला तरी. तो फारसा खाली उतरायचाच नाही. उतरला तर भिंत धरून, मान खाली. मग एका सोमवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी तो इस्त्रीच्या शर्टात जिना उतरला आणि त्याच्या दोन पावलं मागे ही बाई. पंचेचाळिशीची, पायात सपाट बूट, खांद्याला पिशवी, हातात निळी वही. चालता चालता लिहायची. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. चालता चालता लिहिणारं माणूस मी उभ्या जन्मात दोनदाच पाहिलंय, आणि पहिलं होतं ते विजेच्या मीटरमधली चोरी पकडायला आलं होतं.

टेलरचं म्हणणं, बाई धाकट्यावर भाळलीय.

माझं म्हणणं, बाई घरमालकाची हेर आहे.

आता हे मला का वाटलं, ते सांगून टाकतो. माझं दुकान जिन्याखाली. इस्त्र्या, पंखे, मिक्सर, जे बंद पडेल ते. दुकान मुळात एवढंसं, पण माझं टेबल वर्षाला वीतभर या हिशोबाने पुढे सरकत सरकत येण्याजाण्याच्या वाटेत आलंय. त्याच्या शेजारी दोन मांडण्या. त्यांच्यावर मोडके पंखे. गेल्याच महिन्यात घरमालकाचं पत्र आलं होतं, की इमारतीची मोजणी करणार. तेव्हापासून कोणी हातात वही घेऊन दिसलं की मी आधी मांडण्यांवर गोणपाट टाकायचो.

तर मी पाळत ठेवली. आपल्याला काम काय, सकाळी आठला स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा आणि डोळे फाटकाकडे. धाकटा आला की मी मुद्दाम जोरात म्हणायचो, "काय साहेब! निघाली का स्वारी?" समोरून टेलर कात्री वाजवायचा. पोस्टमन बाकावरून घड्याळ बघायचा. धाकट्याचे कान लाल व्हायचे. तो पावलं उचलायचा आणि बाई काहीतरी लिहायची. लिहिलं की नाही! मी टेलरला डोळा मारायचो.

धाकटा जायचा कुठे, ते मला गुरुवारीच कळलं. दोन गल्ल्या पलीकडे मोठी लाँड्री आहे, तिथे हॉटेलांच्या चादरी धुतात. त्यांच्या इस्त्र्यांची कॉइलं मीच बदलतो, त्यामुळे आत शिरायला मला कारण लागत नाही. गेलो. बघतो तर खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावर चादर पसरायची आणि भोक, डाग, उसवलेली कड शोधायची. धाकटा तेच करत होता. आणि त्याच्या शेजारी, अंगात लाँड्रीचा एप्रन घालून, वहीवाली बाई! तीही चादरी तपासत होती. त्याच्याहून हळू, आणि दोनदा चुकली. धाकट्याने न बोलता डागावर बोट ठेवून तिला दाखवलं.

हेर असावी तर अशी, मी मनात म्हटलं. चादरीसुद्धा शिकली.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, न बिघडलेली इस्त्री बघायला. बाई आता टेबलापाशी नव्हती. दाराजवळ स्टुलावर. वही मांडीवर. तिसऱ्या आठवड्यात लाँड्रीतच नव्हती, समोरच्या चहाच्या दुकानात काचेआड बसलेली. सकाळचंही तसंच. आधी ती त्याला वर दारातून घेऊन यायची. मग फाटकाशी थांबायला लागली. मग कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी. रोज थोडं लांब. धाकटा पुढे, ती मागे, आणि मधलं अंतर वाढत चाललेलं.

"बघ," मी टेलरला म्हटलं, "भाळलेली बाई जवळ येते की लांब जाते?"

टेलर विचारात पडला. "भांडण झालं असेल."

"तीन आठवडे रोज एकाच वेळेला भांडतात? जाळं टाकून दोर सैल सोडलाय तिने. पोस्टमन, लिहून ठेवा."

पोस्टमनने खरंच लिहून ठेवलं. त्यानेही आता वही केली होती.

चौथ्या सोमवारी मी हात दाखवला. स्टेशनरीच्या दुकानातून तशीच निळी वही आणली, पहिल्या पानावर मिशीवाला चेहरा काढला, जीभ बाहेर. दुपारी चहाच्या दुकानात बाईच्या शेजारच्या बाकावर बसलो. ती पैसे द्यायला उठली, मी वही बदलली. इतकं सफाईने, की मीच मला शाबासकी दिली.

दुकानात येऊन वाचायला घेतली. अक्षर बारीक, वाक्यं तुटक.

"८.१२ घराबाहेर. कुलूप तीनदा. मी दोन पावलं."

"जेवणाच्या सुट्टीत आवाज. स्वतः सांगितलं. मशीनजवळ गेला, बरं वाटलं."

"आज मी खांबापाशी. मागे वळून बघितलं नाही!"

आणि मग, शेवटच्या पानावर, खाली दोन रेघा मारून: "जिन्याखालचा दुरुस्तीवाला. तिथपासून फाटकापर्यंत अकरा पावलं. सगळ्यात अवघड हेच. पुढच्या सोमवारपासून एकट्याने."

अकरा पावलं! मी उठून मोजली. टेबलाच्या कोपऱ्यापासून फाटकापर्यंत अकरा, ना कमी ना जास्त. माझं पुढे आलेलं टेबल, माझ्या मांडण्या, सगळं मोजून ठेवलं होतं बयेने. आणि "एकट्याने" म्हणजे काय, तर पुढच्या सोमवारी धाकटाच घरमालकाला सगळं दाखवणार. घरातलाच फितूर!

संध्याकाळी धाकटा फाटकातून आत आला आणि मी वही घेऊन त्याच्या आडवा गेलो.

"किती दिवस चाललंय हे?"

तो वहीकडे बघत राहिला. "ती... तुमच्याकडे कशी?"

"ते सोड. माझी पावलं मोजताय तुम्ही लोक! सगळं लिहिलंय यात. कोण कुठे उभं राहतं, कधी येतं, कधी जातं. मला काय मूर्ख समजलात? मला सगळं कळतं. तुम्ही सगळे सामील आहात!"

धाकट्याचा चेहरा कागदासारखा झाला. "बाई म्हणाल्या होत्या फक्त आम्ही दोघंच वाचणार," तो म्हणाला. मला नाही, वहीला म्हटल्यासारखं. आणि वर गेला. कुलूप फिरल्याचा आवाज खालपर्यंत आला. तीनदा. मग थोड्या वेळाने आणखी तीनदा.

टेलर कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. नेहमीसारखं हसला नाही.

मंगळवारी धाकटा कामाला गेला नाही. बाई आली, वर गेली, अर्ध्या तासाने खाली आली आणि सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पिशवीतून वही काढून पहिलं पान उघडलं.

"ही मिशी ओळखीची वाटते," ती म्हणाली.

"मिशा काय, पुष्कळांना असतात," मी म्हटलं.

"माझी वही द्या."

"कसली वही?"

तिने मिशीवाली वही माझ्या टेबलावर ठेवली. "द्यावीशी वाटेल तेव्हा मला नको, त्याला द्या," म्हणाली आणि निघून गेली. जाताना तिने माझ्या टेबलाकडे, मांडण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हेर असून पाहिलं नाही! तेव्हा पहिल्यांदा माझ्या संशयाला टाचणी लागली.

बुधवारीही तो उतरला नाही. संध्याकाळी ताई उतरली. ताई म्हणजे शांत बाई, वीस वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही, म्हणून जास्त लागला.

"दादा, काय बोललात तुम्ही त्याला?"

"ताई, ती बाई घरमालकाची..."

"ती बाई त्याला नोकरीत टिकायला मदत करते. तेच तिचं काम आहे. त्याच्यासारख्या माणसांना नोकरी बघून द्यायची, आधी ते काम स्वतः शिकायचं, मग शेजारी उभं राहून करून घ्यायचं, आणि मग रोज थोडं थोडं लांब जायचं. शेवटी ती नसली तरी चाललं पाहिजे."

"त्याच्यासारख्या म्हणजे?"

ताई माझ्या टेबलावरच्या उघड्या इस्त्रीकडे बघत बोलली. अकरा वर्षांचं दुखणं. दोनदा इस्पितळ. कानात आवाज यायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला वाटायचं की लोक त्याच्यावर पाळत ठेवतात, त्याच्या वेळा लिहून ठेवतात, एकमेकांना खुणा करतात. डॉक्टर, औषधं, ती बाई, सगळ्यांनी मिळून त्याला पटवत पटवत इथवर आणलं होतं, की बाबा रे, तुझ्याकडे कोणी बघत नाही.

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलाखाली घरंगळला. मी तो उचलायला वाकलो आणि जरा वेळ तिथेच राहिलो.

"लाँड्रीच्या मालकाशी बाई बोलल्या," ताई म्हणाली. "ते म्हणाले, दोन दिवस धरून ठेवतो, तिसरा नाही. चादरी कोणासाठी थांबत नाहीत. उद्या गेला नाही तर जागा गेली. आणि ही गेली तर तो दुसरीसाठी जिना उतरेल असं मला वाटत नाही."

ती गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. अकरा पावलं. सगळ्यात अवघड हेच. माझं टेबल नव्हतं अवघड. मी होतो.

जेवणाआधीच वर गेलो. बायको म्हणाली, "मिशी खाली ठेवून जा." दार वाजवलं. आतून काहीच नाही.

"धाकट्या, मी आहे. खालचा."

"माहितीये." आवाज दाराच्या अगदी पलीकडून आला. बराच वेळ तिथेच उभा असावा.

"वही आणलीय. दाराखालून सरकवतो."

सरकवली. ती आत ओढली गेली. पानं उलटल्याचा आवाज. मोजत असावा, एखादं फाडलं तर नाही ना.

"लाँड्रीच्या मालकाने पाठवलंय तुम्हाला?" आतून आलं.

"नाही रे. ऐक. तुला वाटतं ना, लोक तुझ्याकडे बघतात?"

पानांचा आवाज थांबला.

"बघत होते. मी बघत होतो. तीन आठवडे, रोज आठ बाराला. तू गेलास की टेलरला डोळा मारायचो. आम्ही पैज लावली होती, ती बाई कोण यावर."

मला वाटलं आता कायमचं घालवलं मी सगळं. मग तो म्हणाला, "टेलर कात्री वाजवायचा, ती खूण होती?"

"होती."

"पोस्टमन वेळ लिहायचा?"

"वही केलीय त्याने. हिरवी."

"मी बाईंना म्हटलं होतं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, कात्री आहे, वाजणारच. आणखी कोण कोण होतं? खरं सांगा. काका, खरं सांगा."

"आम्ही तिघंच."

"पहिल्या मजल्यावरचे?"

"त्यांना आपसातल्या भांडणातून फुरसत नाही."

"दूधवाला? लाँड्रीतला हमाल? चहावाला?"

"कोणी नाही. आईशप्पथ. तीन रिकामटेकडे, बस."

"तीन," तो म्हणाला. आणि पुन्हा, सावकाश, तोंडात घोळवून बघितल्यासारखं, "तीनच. मला वाटायचं सगळा रस्ता."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"काका, सोमवारी तुम्ही जे बोललात ना," आतून आवाज आला, "पावलं मोजताय, सगळे सामील आहात, मला सगळं कळतं... ते सगळं मी बोलायचो. शब्दाला शब्द."

"हं."

"डॉक्टरांचा नंबर देऊ का?"

मला कळेना हा चेष्टा करतोय की खरंच विचारतोय. अजूनही कळलेलं नाही.

"उद्या जा कामाला," मी म्हटलं. "आम्ही तिघंही पाठ करून बसतो. रोज. तू फाटकाबाहेर जाईपर्यंत मान वळणार नाही."

"कशावरून?"

माझ्या शब्दाची या इमारतीत किंमत काय, ते मलाच माहीत. लोकांच्या घंट्या वाजवून पळण्यात माझी हयात गेलीय.

"पैज कोण हरलं?" त्याने विचारलं.

"टेलर म्हणत होता ती तुझ्यावर भाळलीय. मी म्हणत होतो हेर आहे. तसे दोघंही..."

"तुम्ही हरलात," धाकटा म्हणाला. "हरणाऱ्याने काय करायचं होतं?"

सांगितलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग करा. मी बघायला येईन. उद्याचं उद्या बघतो."

गुरुवारी सकाळी पावणेआठलाच मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. टेलरला दम भरला होता, तोही कपाटाकडे तोंड करून. पोस्टमनला बाकावर उलटा बसवला आणि हिरवी वही माझ्याकडे जमा केली. भिंतीवर माझ्या नाकासमोर पालीचं एक अंडं होतं, तेवढंच बघायला. आठ दहा झाले. वर कुलूप. एकदा, दोनदा, तीनदा. मग जिन्यावर पावलं. शेवटच्या पायरीवर थांबली.

सांगतो, जन्मात इतकं अवघड काम केलं नाही मी. मान आपोआप वळायला बघते हो! मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. पाऊल. आणखी एक. मी पायरीपासून मनात मोजत होतो. चार, पाच, सहा... सहावर थांबलं. बरोबर माझ्या पाठीमागे. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो बघत होता माझ्या पाठीकडे, तपासत होता, जसा चादर तपासतो, कुठे भोक सापडतंय का. किती वेळ गेला देव जाणे. मग पाऊल वाजलं. कुठल्या दिशेला, ते कळेना, कारण नेमकं तेव्हाच टेलरला खोकला आला.

"गेला का?" मी भिंतीला विचारलं.

"मला काय विचारतोस, मी कपाटाकडे बघतोय!"

"पोस्टमन?"

"मी पंच आहे, मी शब्द मोडणार नाही."

तिघंही घोडे आठ वीसपर्यंत तसेच बसलो. तो फाटकाबाहेर गेला की पुन्हा वर, कोणालाच माहीत नाही. ताईला जाऊन विचारायची माझी हिंमत होईना. अकरा वाजता लाँड्रीतून फोन आला, एक इस्त्री तापत नाही म्हणून. धावत गेलो. काचेच्या टेबलापाशी धाकटा. शेजारी कोणी नाही. दाराजवळचं स्टूल रिकामं. चहाच्या दुकानातला काचेआडचा बाकही रिकामा. धाकट्याने वर पाहिलं नाही. मी इस्त्री घेतली आणि उलट्या पावली बाहेर आलो.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. माझं टेबल मी हातभर मागे घेतलं, मांडण्या घरात नेल्या. बायको म्हणाली, "आता घरात चालायला अकरा पावलं पण नाहीत."

रविवारी दहाला न्हाव्याने खुर्ची फाटकाबाहेर मधोमध मांडली. टेलरने आख्ख्या गल्लीत बातमी पसरवली होती, शिवाय फुकटात एक चौकडीचं कापड दिलं, माझ्या गळ्याभोवती बांधायला. पहिल्या मजल्यावरचे भांडण सोडून गॅलरीत आलेले. चहावाला आला, दूधवाला आला, लाँड्रीतला हमाल कोणी सांगितलं म्हणून आला. माझी बायको पहिल्या रांगेत, हातात मोबाइल. वहीवाली बाईही होती, सगळ्यात मागे, खांबापाशी. हातात वही नव्हती.

धाकटा ताईबरोबर आला. गर्दीच्या कडेला थांबला, मग एकटाच आत शिरून खुर्चीजवळ आला.

पोस्टमनने घसा साफ केला. "निकाल. मेकॅनिक हरलेला आहे."

"पण मग ती बाई होती कोण?" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं.

मी धाकट्याकडे बघितलं नाही. कबूल केलं होतं तसं.

"माझ्या कामावरच्या," धाकटा म्हणाला. आवाज बारीक होता पण गॅलरीपर्यंत गेला. "मला काम जमेपर्यंत सोबत होत्या. आता मी एकटा जातो."

एवढंच. त्यापुढचं मी तुम्हाला सांगितलं ते त्याला विचारून. दोन गोष्टी त्याने गाळायला लावल्या, त्या गाळल्या.

न्हाव्याने वस्तरा पाजळला. "कुठली बाजू?"

"ते हरणाऱ्याने नाही ठरवायचं," टेलर म्हणाला.

"डावी," धाकटा म्हणाला.

साबण लागला. लोक पुढे सरकले. इतके डोळे माझ्या तोंडावर, की नाकावर खाज सुटली आणि हात वर नेण्याची सोय नाही. कोणी हसत होतं, कोणी फोटो काढत होतं, कोणी नुसतंच टक लावून. पहिल्यांदाच मला वाटलं, उठावं आणि वर जाऊन कुलूप लावावं. वस्तरा फिरला. चौकडीवर काळा पुंजका पडला. टाळ्या.

धाकटा माझ्या कानाशी वाकला.

"सत्तावीस," तो म्हणाला.

"काय सत्तावीस?"

"तुमच्याकडे बघताहेत ते. मी मोजले. गॅलरीतले धरून." आणि मग, "काका, हलू नका. अजून थोडी राहिलीय."